धुवायला काढलेला नमदा

मेरिम तेरा महिन्यांची झाली तेव्हा किर्गिझस्तानातल्या कोचकोर गावच्या रीतीप्रमाणे तिच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधली. मोठ्यांनी शर्यत लावायची, जिंकेल त्याने दोरी कापायची. मग मूल जन्मभर न अडखळता चालतं. दोरी लागताच मेरिम अशी किंचाळली, की धावणारे अर्ध्या वाटेतून परत आले. जिंकलं कोण ते ठरलंच नाही. शेवटी शेजारच्या पोस्टमनने दोरी कापली.

पुढे मेरिम चालायला लागली ती चवड्यांवर, जमिनीवर अंथरलेल्या नमद्याच्या, म्हणजे लोकरीच्या जाड गालिच्याच्या, कडेकडेने. हाक मारली तर वळायची नाही, पण पलीकडच्या खोलीत कुणी बिस्किटांचा पुडा उघडला तरी कान झाकून घ्यायची. तिची आई बुरुलचा शाळेत जीवशास्त्र शिकवायची. ती हे सगळं तारखेनिशी जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहून ठेवी. तिला भीती एकच होती: पोरीला काय होतंय हे कळायच्या आत लोक तिला हट्टी ठरवून मोकळे होतील.

सासूबाई काल्बुबूंचं निदान तयार होतं. "पोस्टमनचं काम ते! त्याची पत्रं तरी कधी धड पोचलीत का? दोरी नीट कापलीच गेली नाही."

दुसऱ्यांदा दोरी बांधली तेव्हा जिल्ह्यात पहिला आलेला धावपटू बोलावला. तिसऱ्यांदा मेंढा कापला. मेरिम तिन्ही वेळा सारखीच किंचाळली.

चौथ्या वेळी बुरुलचाने दोरी सासूच्या हातातून काढून घेतली.

"आपा, हिला लोकर सोसत नाही. आधी डॉक्टर."

"लोकर सोसत नाही? आणि जन्मली कुणाच्या घरात!" काल्बुबू चाळीस वर्षं नमदे करत होत्या. "लोक म्हणतील, सुनेला शिक्षण चढलंय."

"म्हणू देत."

बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंनी ते पाठकोरे कागद दोन्ही बाजूंनी वाचले. दोन दिवस मेरिमबरोबर जमिनीवर बसून काढले. "नुसत्या लोकरीवरून काही ठरत नाही," त्या म्हणाल्या, "पण सगळं मिळून पाहता हा ऑटिझम आहे." मेरिम तेव्हा साडेतीन वर्षांची होती.

घरी काल्बुबूंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे पोस्टमनची चूक नव्हती?"

"नाही, आपा."

"आणि हिला खरंच टोचत होतं? तिन्ही वेळा?"

"हो."

काल्बुबूंनी चहा बाजूला ठेवला. मग उठल्या आणि बैठकीच्या खोलीतला, स्वतःच्या लग्नासाठी केलेला नमदा गुंडाळून भिंतीला उभा केला. मेरिम आली. मोकळ्या लाकडी जमिनीवर तिने एक टाच टेकवून पाहिली, पुन्हा उचलली.

पाहुण्यांना काल्बुबू सांगतात, नमदा धुवायला काढलाय. त्याला आता दोन वर्षं होतील.