पास्कलचं पापलेट

पास्कल गेला. काल पालीला, चर्चमागे, त्याला मातीत ठेवून आलो.

पेपरात बातमी येणार नाही. त्याचं नाव कधीच कुठे आलं नाही, सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. आम्ही दोघं मुंबईत कमर्शियल आर्टला, एकाच वर्गात.
मी भाईंदरची. वडिलांनी गिरगावातली खोली विकून इथे वन रूम किचन घेतलेलं.
तो तिथून जवळच्याच, समुद्रकाठच्या पालीचा. घरची मच्छीमारी. मुलगा काय शिकतो असं कुणी विचारलं की त्याचे पप्पा विषय बदलायचे.

शेवटच्या वर्षी सर वर्गात आले ते नाचतच.
"खरा क्लायंट आलाय! नशीबवान आहात लेको!"

एका मसाला कंपनीला फिश करी मसाल्याचं नवं पाकीट हवं होतं. अख्ख्या वर्गाने डिझाइन करायचं, त्यातलं सगळ्यात चांगलं कंपनी छापणार.
आम्हाला काय? मार्क्स. आणि "एक्सपोजर". हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पुढे आयुष्यभर ऐकायचा होता.

कॉलेजचा नियम असा, की चित्रावर नाव घालायचं नाही. मागे फक्त रोल नंबर. पक्षपात नको म्हणून.

आम्ही बाकीच्यांनी मासे पुस्तकात बघून काढले. माझा तर आजारीच दिसत होता.
पास्कलने पप्पांच्या जाळ्यातलं ताजं पापलेट ओट्यावर ठेवलं आणि समोर बसला. मी शेजारी, पाणी बदलून द्यायला.
त्याची आई सारखी डोकावून जायची.
"पापलेट खायाचा हाय का नुसता चितारायचा?"

नुकत्याच पकडलेल्या पापलेटावर जी निळसर झाक असते ना, ती त्या कागदावर आली होती. मी बघितली आहे.

त्याचंच निवडलं गेलं. वर्गाने बाकं बडवली. कंपनीचा माणूस ओरिजिनल उचलून घेऊन गेला. कलर झेरॉक्स वगैरे तेव्हा आमच्या गावीही नव्हतं.

काही महिन्यांनी स्टेशनजवळच्या किराणा दुकानात पाकिटं लटकलेली दिसली. पास्कल तिथेच थबकला.
"क्या चाहिए?"
"ये मैंने बनाया है."
"अच्छा, मसाले का धंधा है तुम्हारा?"
पोट धरून हसलो आम्ही. तेव्हा हसू यायचं.

मग नोकरीसाठी इंटरव्ह्यू सुरू झाले. पोर्टफोलिओत स्वतःचं सगळ्यात चांगलं कामच नाही, म्हणून या वेड्याने छापील पाकीट प्लास्टिकमध्ये घालून लावलं.
एजन्सीतल्या बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं.
"हे तर माझ्या किचनमध्येही आहे. तुझं काम दाखव ना."
दुसऱ्या ठिकाणी सरळ खोटारडा म्हणाले.

ओरिजिनल परत मागायला कंपनीत गेलो. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, कॉलेजशी बोला.
सरांकडे गेलो. हे याचं काम आहे, एवढं लिहून द्या, बाकी काही नको.
सर टेबलाकडे बघत म्हणाले, "कंपनी नको म्हणते रे. मी लिहून दिलं तर पुढच्या बॅचला प्रोजेक्ट देणार नाहीत."
वाईट माणूस नव्हते सर. त्यामुळे धड भांडताही येईना.

राहता राहिले घरचे रफ स्केचेस. शोधायला पालीला गेलो, तर आईने ते बटर पेपर सुक्या बोंबलांच्या डब्यात तळाशी घातलेले. पेन्सिल पार पुसलेली.
"कागूद चांगला होता रे. मना काय म्हायती?"
त्या माउलीला काय बोलणार?

दर उन्हाळ्यात घरी मसाला कुटून बाटल्या भरणारी ही बाई. पण त्या दिवसापासून ती बाजारातून ते पाकीट आणायला लागली. आल्यागेल्याला दाखवायची. "माझ्या पोऱ्यानी काढलाय."
पप्पांनी एकदाच हातात घेतलं. "मग तुझा नाव कुठं हाय?"
मी मध्ये पडून खूप समजावलं. ते हं हं करत जाळं विणत राहिले.

पास्कल काशीमीऱ्याला गॅरेजचे, हॉटेलांचे बोर्ड रंगवायला लागला. अक्षर देखणं. पण कागदावर पुन्हा काही काढलं नाही.
मी एजन्सीत लागले. कितीदा म्हटलं, ये माझ्याकडे.
"काय दाखवू तुझ्या साहेबाला?"
 

पुढे कंपनीने पाकीट बदललं. आई गेली, पप्पा गेले. जुनं पाकीट घरात एकही उरलं नाही, पोर्टफोलिओतलंही.

काल सगळं आटोपल्यावर त्याची मुलगी शेरॉन माझ्याजवळ येऊन बसली.
"आंटी, पप्पा बोर्डाशिवाय काही काढायचेच नाहीत का?"

मी सगळं सांगितलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. बापाने लेकीलाही सांगितलं नव्हतं, कारण दाखवायला काही नव्हतं.

तिने लगेच मोबाइल काढला. कंपनीचं नाव टाकलं. पाकिटंच पाकिटं आली.
"हे का, आंटी?"
"नाही गं."
"मग हे?"
"नाही."
"हे तरी?"

पास्कल, मी निघाले तेव्हाही ती शोधतच होती.

शांत झोप, मित्रा. ते पापलेट तुझंच होतं.