कर्ण्याचं तोंड

माइकवाल्याचं सगळं आयुष्य 'हॅलो, चेक' एवढ्यातच गेलं. त्यापुढचं बोलायला दुसरी माणसं यायची. सभा कुणाचीही असो, हा मागे वायरी गुंडाळत बसायचा आणि कान बंद ठेवायचा. दुसऱ्याचं ऐकायचा त्याला मनापासून कंटाळा.

दोन धर्मांच्या वस्त्यांमध्ये दंगल झाली, दुकानं जळली, आणि मग शाळेच्या हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसू लागली. नियम एकच. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, उत्तर द्यायचं नाही. हे ऐकून माइकवाला गालातल्या गालात हसला. भांडायचं नाही, तर ही माणसं दोन तास करणार काय?

झालं उलटंच. उलट उत्तराची भीती नसल्यामुळे माणसं खरं बोलू लागली आणि याचेही कान उघडले. तिसऱ्या शनिवारपासून तो वायरी सोडून खुर्चीवर बसू लागला. घरी बायकोचं बोलणंही पुरतं ऐकून घेऊ लागला. तिला वाटलं, याची तब्येत बिघडली.

सहाव्या शनिवारी पलीकडच्या वस्तीतले निवृत्त मास्तर उभे राहिले. त्यांची बायको चार महिने अंथरुणाला खिळून होती आणि माइकवाल्याच्या लोकांच्या प्रार्थनाघराचा कर्णा थेट तिच्या खिडकीवर रोखलेला होता. दर वेळी तो वाजला की ती दचकायची, उशीत तोंड खुपसायची.

"शेवटच्या दिवशी ती मला काहीतरी सांगत होती," मास्तर म्हणाले. "कर्णा चालू होता. मला ऐकूच आलं नाही."

एवढं बोलून ते खाली बसले.

तो कर्णा माइकवाल्यानेच तिकडे फिरवला होता. त्याच्या वस्तीतल्या चौघांनी म्हटलं, "जरा त्यांच्याकडे तोंड कर, ऐकू दे की त्यांनाही," आणि हा हसत हसत शिडी चढला होता.

उत्तर द्यायचं नाही, हा नियम आता आयताच हाताशी होता. त्याच्या आड तो काही दिवस लपला. पण जेवण जाईना. कबूल केलं तर आपलीच माणसं वाळीत टाकतील. नाही केलं, तर त्या मास्तरांसमोर कुठल्या तोंडाने बसायचं?

शुक्रवारी भर दुपारी त्याने शिडी लावली, कर्णा खिडकीवरून बाजूला फिरवला आणि तसाच मास्तरांच्या दारात जाऊन उभा राहिला. आत पलंग अजून खिडकीशीच होता.

"मास्तर, तो कर्णा तुमच्याकडे मी रोखला होता. सांगणारे दुसरे होते, पण हात माझे. आत्ता फिरवून आलो."

मास्तरांनी वळून खिडकीबाहेर पाहिलं.

"किती वेळ लागला फिरवायला?"

"दहा मिनिटं."

"ती म्हणायची, जाऊन माइकवाल्याला सांगून तर बघा. मी दोनदा तुमच्या माइकच्या दुकानापर्यंत आलो आणि परत फिरलो. खरं सांगा. मी पायरी चढलो असतो, तर फिरवला असतात?"

हो म्हणणं सोपं होतं. त्यात याचाही चांगुलपणा दिसला असता आणि म्हातारा पायरी न चढल्याचं ओझं उरावर घेऊन जगला असता. पण ते राहू द्या, ते खरंही नव्हतं.

"नाही," माइकवाला म्हणाला. "तेव्हा नसता फिरवला."

मास्तरांनी मान हलवली आणि हळूच दार लोटून घेतलं. त्यानंतर ते त्याच्याशी कधीच बोलले नाहीत.