फुल्यांची इमारत

निवृत्त नवरा दिवसभर घरात असणं म्हणजे काय, हे ज्या बाईनं भोगलं नाही तिनं भानुमतीला शहाणपण शिकवू नये. तिचे हरिदास फरीदाबादच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. कारखान्यात कॉम्प्युटर आले, ड्रॉइंग बोर्ड भंगारात गेले आणि पन्नाशीतल्या हरिदासांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा कुणाची ते विचारू नका. मग घरात नुसता धुमाकूळ. चांगला चालता पंखा उघडून बघ, डाळींचे डबे उंचीप्रमाणे लाव, उगाच गॅलरीत जाऊन ये. "अहो, जरा एका जागी बसा हो," असं सांगून सांगून भानुमतीचं तोंड दुखलं.

एका दुपारी तिच्या अर्धवट राहिलेल्या उशीच्या अभ्र्यावर त्यांची नजर गेली. मॅटीच्या कापडावर धागे मोजून फुल्या भरायच्या, असं ते काम. मासिकात बघून तिनं पोपट सुरू केला होता आणि कंटाळून सोडून दिला होता.

"तुझा पोपट दोन धागे घसरलाय," हरिदास म्हणाले.

"मग तुम्हीच करा सरळ," ती वैतागली. तिला काय माहीत, हा माणूस खरंच सुई हातात घेईल म्हणून. त्यांनी अख्खा पोपट उसवला, ग्राफपेपरवर नव्यानं काढला आणि त्या दिवसापासून जेवणं झाली की खिडकीशी बसून संध्याकाळपर्यंत हूं की चूं नाही.

भानुमतीला हायसं वाटलं. मात्र बेल वाजली रे वाजली की हरिदास सगळा पसारा तिच्या मांडीवर टाकत आणि वर्तमानपत्र उघडून बसत. उशा झाल्या, टीव्हीवरचा रुमाल झाला, शेजारच्या बारशाला ससे झाले. दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारात दोऱ्याच्या लडी घेतानासुद्धा दुकानदाराला सांगायचे, "मेमसाब ने मँगवाया है." कौतुक सगळं भानुमतीच्या वाट्याला. आधी आधी तिला गंमत वाटली, मग ते टोचायला लागलं. बायका तिचा हात हातात घेऊन बोटं बघायच्या आणि हिच्या जिवाची नुसती घालमेल.

तेवढ्यात त्यांच्या मुलीनं, क्षिप्रानं, नोएडात सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला हरिदासांनी काय भरावं? ती इमारतच. समोरच्या रस्त्यावर उभं राहून त्यांनी मापं टिपली, वॉचमननं हटकलं तरी हलले नाहीत. एक फुली म्हणजे अर्धा फूट. खिडक्या, गच्चीवरची टाकी, आणि सहाव्या मजल्याच्या गॅलरीत वाळत घातलेली लाल साडी.

वास्तुशांतीला जो तो त्या फ्रेमपुढे. "बाबा, आईनं कमाल केलीये यार," क्षिप्रा म्हणाली. बाबा मान खाली घालून लाडू खात होते, पण कान इकडेच. क्षिप्राच्या सासूबाई नीलाताई भारी हौशी. त्या आतून मॅटीचा तुकडा आणि सुई घेऊनच आल्या.

"विहीणबाई, चार फुल्या घालून दाखवा बघू. सुरुवात कुठून करायची तेच मला कळत नाही."

बायका सरकून जवळ आल्या. वेळ मारून नेता आली असती, पण भानुमतीला त्या खोट्याचा वीट आला होता. "मला नाही येत हो. हे सगळं यांचं काम आहे," असं म्हणून ती मोकळी झाली.

हरिदासांचे जुने सहकारी विश्वनाथ, ज्यांची नोकरी अजून शाबूत होती, ते सगळ्यांत आधी हसले. "काय हे हरिदास, आम्ही तिकडे मरमर मरतोय आणि तू रुमाल भरतोस? आता मेंदीच्या ऑर्डरी पण घे." मग सगळेच हसले. हरिदासही हसले. ते हसणं भानुमतीला बघवेना.

घरी आल्याबरोबर हरिदासांनी सुया, लडी, कागद सगळं माळ्यावर टाकलं.

"फुकटचं कौतुक किती दिवस खाऊ मी?" ती म्हणाली. "तुमचं नाव व्हावं असं वाटलं मला."

"नाव कुणाला हवं होतं, भानू? मला दुपार हवी होती. ती गेली."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. हरिदास खिडकीशी बसले, उठले, चपला घालून बाहेर पडले आणि कोपऱ्यावरूनच परत आले. पुढचे दिवसही तसेच. भानुमतीला विश्वनाथांचा राग येत होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

मग नीलाताईंचा फोन आला. "विहीणबाई, त्या दिवशी म्हणालात ते खरं का हो?"

हरिदास आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. भानुमतीनं मुद्दाम आवाज चढवला. "छे हो, थट्टा केली मी. यांना साधं बटण लावता येत नाही."

"तरीच. मी म्हटलंच होतं, पुरुषाच्या हातचं ते काम नव्हेच."

इतक्या पटकन विश्वास बसला बाईचा. खरं काय ते भानुमतीच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण तिनं गिळलं. "रविवारी या," ती म्हणाली. "शिकवते की."

फोन ठेवून ती आत गेली. हरिदास उठून बसले होते.

"बटण येतं मला," ते म्हणाले.

"माहितीये. पण मला काही येत नाही आणि रविवारी त्या येतायत. माझी अब्रू जाईल. माळ्यावरनं ते सगळं काढा आणि सुरुवात कुठून करायची ते सांगा."

हरिदासांनी माळ्याखाली स्टूल ओढलं.

"कापडाच्या मधोमध," ते म्हणाले. "पण आधी दाराला कडी घाल."