कडक स्प्रिंग

वॉल्व्हचाचा गळती ओठांनी शोधायचे. पंपाचा जोड तोंडाजवळ न्यायचा, खालचा ओठ जिभेनं ओला करायचा, डोळे मिटायचे आणि थांबायचं. हवा केसाएवढ्या फटीतून येत असली तरी ओठाला गार लागते म्हणायचे. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघणाऱ्यांची त्यांना कीव यायची. "गळती लपत नाही, आपल्यालाच थांबायला जमत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बिबवेवाडीत आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर त्यांचा गाळा होता. फवारणीचे पंप, पंक्चरवाल्यांचे कॉम्प्रेसर, स्टोव्ह, कुकरच्या शिट्ट्या; ज्यात हवा किंवा वाफ कोंडते ते सगळं तिथं दुरुस्त व्हायचं. तीन पिढ्या पुण्यात काढलेलं घर, त्यामुळे चाचांचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ होतं आणि खवचटपणाही अस्सल इथलाच. किती वेळ लागेल असं कुणी डोक्यावर उभं राहून विचारलं, तर ते नम्रपणे म्हणत, "आपण गेलात की लगेच सुरुवात करतो."

गाळा बंद करण्याआधी ते प्रत्येक टाकीतली हवा सोडून देत. गिऱ्हाईक सकाळी येणार असलं तरी. भरलेली हवा सांभाळणं कुणाला जमत नाही, असं त्यांचं मत होतं. हवा सुटायचा फुस्स आवाज आला की आमच्या बिल्डिंगमधल्या बायका कुकर लावायला उठत.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि डोक्यात एकच खूळ होतं, हवेवर चालणारी छर्ऱ्याची बंदूक घरी बनवायची. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी प्लॅस्टिकच्या पाइपची एक बनवलीही होती. तिच्यातला छर्रा चार पावलांवर मान टाकायचा. दोष वॉल्व्हमध्ये आहे एवढं मला कळत होतं, पुढचं काही सुचत नव्हतं. चाचा बंदुकीला हात लावणार नाहीत हे पक्कं माहीत होतं. म्हणून मी त्यांना सांगितलं की कॉलेजसाठी शेतात बिया फेकायचं यंत्र बनवतोय.

चाचा इतके खूश झाले की मला आजही ते आठवलं की मान वर करवत नाही. हातातलं काम त्यांनी बाजूला ठेवलं. हवा कितीही कोंबली तरी दार हळूहळू उघडलं तर सगळा जोर दारातच संपतो, हे त्यांनी मला कितीदा तरी समजावलं. पितळेचा वॉल्व्ह त्यांनी स्वतः घासला, ओठाला लावून बघितला, पुन्हा घासला. "बी रुजली तर पहिलं कणीस माझं," असंही म्हणाले. मी हसून हो म्हटलं.

फक्त घोडा फार कडक झाला होता. तो दाबताना बोट दुखायचं, नेम हलायचा. मी तक्रार केली तेव्हा ते म्हणाले, "दाबता दाबता माणसाचा विचार बदलला, तर तेवढी सवड नको?" मी घरी गेलो, त्यांची स्प्रिंग काढली आणि मऊ स्प्रिंग घातली. आता नुसतं बोट टेकलं तरी घोडा सुटायचा. मला वाटलं, मी गुरूच्या पुढे गेलो.

एका रविवारी दुपारी गॅलरीच्या कठड्यावर रिकामा डबा ठेवून मी हवा भरली. फोन वाजला म्हणून बंदूक तशीच भरलेली खाली ठेवली. परत येऊन उचलली तेव्हा बोट कुठे लागलं मलाच कळलं नाही. डबा होता तिथेच होता. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या साने काकू गाल धरून खाली बसल्या. डोळ्याच्या खाली टाके पडले. छर्रा बोटभर वर लागला असता तर डोळा गेला असता.

घरी सगळ्यांनी घेरल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "वॉल्व्हचाचांनी बनवून दिली."

चेअरमन, बाबा आणि मागे मी, असे आम्ही गाळ्यात गेलो. बंदूक चाचांसमोर ठेवली तेव्हा तिच्यातून दोन छर्रे घरंगळले. बियांचं यंत्र कसलं होतं ते त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी वॉल्व्ह उघडला. माझी मऊ स्प्रिंग तळहातावर घेतली आणि माझ्याकडे बघत थांबले. अगदी जोडाला ओठ लावून थांबायचे तसेच. मी त्यांच्या चपलांकडे बघत राहिलो.

"हा घोडा तुम्ही बसवलात?" बाबांनी विचारलं.

चाचांनी स्प्रिंग खिशात टाकली. "हो. सैल राहिला. माझी चूक झाली साहेब."

कुणी पोलिसांत गेलं नाही. माझं वर्ष वाचलं. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'शस्त्रं' हा शब्द आला, आणि ती कसल्या लोकांच्या दुकानात बनतात, हेही कुणीतरी बोलून दाखवलं. मी शेजारच्याच खोलीत बसून सगळं ऐकत होतो. महिन्याभरात चाचांनी गाळा सोडला. सामान टेम्पोत चढवताना त्यांना कॉम्प्रेसर एकट्याला उचलवत नव्हता. मी गॅलरीतून ते बघितलं आणि आत गेलो.

पुढे खराडीत नोकरी लागल्यावर एकदा कात्रजला त्यांच्या नव्या टपरीवर गेलो होतो. त्यांनी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला, आईची चौकशी केली. मग हातातला पंप बाजूला ठेवला आणि थांबले. ते कशासाठी थांबलेत हे मला समजत होतं. चहा संपला. मी म्हटलं, "इकडून चाललो होतो, म्हटलं भेटावं." ते म्हणाले, "बरं केलंस." आणि पुन्हा पंप हातात घेतला.

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, आपल्याकडचे ते बंदूकवाले चाचा वारले. आयुष्यभर फवारणीचे पंप दुरुस्त केलेल्या माणसाची ही ओळख माझ्यामुळे उरली होती. खाली साने काकूंनी लिहिलं होतं, "माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग नाही. मी त्यांना केव्हाच माफ केलंय."

मी बराच वेळ टाइप केलं, खोडलं. शेवटी काकूंच्या मेसेजखाली सगळ्यांनी टाकले होते तसे जोडलेले हात टाकले.