शून्याच्या आधीची रेषा

सत्काराची शाल अप्पांनी स्वतः दाजीबानपेठेत जाऊन आणली होती. मंडळवाले देतात ती शाल कसली, टॉवेलच असतो, आपल्या लेकीला तसली नको, असं त्यांचं म्हणणं. जुन्या हुबळीत गणिताचे मास्तर म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाने एवढी हौस केली तर काय बिघडलं? काही नाही. पण ते पुडकं मला बघवेना. ज्या शोधासाठी ती शाल होती, तो शोध खोटा निघाल्याचं मला शुक्रवारी कळलं होतं आणि सत्कार रविवारी होता.

मी धारवाडला पदार्थविज्ञान शिकवते, सप्तापुरात राहते. माझं काम एका हट्टी पदार्थाशी आहे. त्याच्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांना इतके टरकून असतात की कुणी जागचं हलत नाही, म्हणून त्यातून वीज वाहत नाही. तापवला की मात्र तो धातूसारखा वागतो. आम्ही त्याच्यावर लेसरचा झटका मारतो, इतका छोटा की पापणी लवणं त्याच्यापुढे युगासारखं. मागोमाग दुसरा, मंद झटका पाठवून आत काय झालं ते बघतो. दोन्ही एकाच वेळी पोचतात तो क्षण म्हणजे आमचं शून्य; मंद झटका त्याच्या आधी पाठवूनही बघतो आणि सगळ्याचा आलेख काढतो. आमचा दावा असा की पदार्थ तापायच्या आत, निव्वळ प्रकाशाने, तेही अगदी थोड्या प्रकाशाने, हे इलेक्ट्रॉन मोकळे होतात. लेख छापून आला, इथल्या पेपरात माझा फोटो आला, आणि अप्पांनी ते कात्रण घेऊन अर्धी हुबळी पालथी घातली.

शून्याच्या आधी आलेख तळाला सपाट हवा, कारण पहिला, जोरदार झटका अजून पोचलेलाच नसतो. आमचा थोडा वर होता. आमच्या धंद्यात असं व्हायचंच, उपकरणाचा दोष समजून लोक ती रेषा खाली ओढतात आणि शून्यावर बसवतात. मीही बसवली, आणि त्या वेळी मनात साधी शंकाही आली नाही. त्या शुक्रवारी सहज म्हणून एकामागून एक येणारे झटके विरळ केले, पदार्थाला मध्ये निवायला सवड दिली. रेषा आपोआप खाली आली आणि तिच्याबरोबर आमचा शोधही गेला. पदार्थ आधीच्या झटक्यांनी तापूनच बसला होता. चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या तव्यावर भाकरी भाजायची आणि विस्तवाशिवाय भाजली म्हणून गावभर सांगायचं, तसलं माझं शहाणपण. एवढी लाज वाटली की प्रयोगशाळेतल्या मुलींना चहाला पाठवून मी एकटीच दार लावून बसले.

शनिवारी हुबळीला जाऊन अप्पांना सांगितलं. कागदावर रेषा काढून दाखवली. त्यांना लगेच कळलं, गणिताचा माणूस. त्यांनी कागद पालथा ठेवला आणि म्हणाले, "यारिग गोत्तागतद?" कुणाला कळणार आहे. घरात अप्पा मराठीच बोलतात. स्वतःला न पटणारं काही बोलायचं झालं की कानडीत शिरतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. उत्तर बरोबर पण रीत चुकीची असेल तर शून्य देणारा हा माणूस. मला आधी त्यांचा संताप आला, आणि मग हे वाक्य त्यांच्या तोंडून मीच वदवून घेतलं म्हणून स्वतःची शरम वाटली.

तरी रविवारी मी शाल अंगावर पडू दिली. तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. बोलायला उभी राहिले तेव्हा मात्र सगळं सांगितलं. रेषा, तापलेला पदार्थ, लेख मागे घ्यावा लागेल हेसुद्धा. आणि सभागृहात टाळ्याच सुरू झाल्या. सगळे मनापासून वाजवत होते. मंडळाचे चिटणीस ध्वनिक्षेपकावर म्हणाले, "एवढं यश, आणि किती हा विनय." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पहिल्या रांगेतले अप्पा काठी टेकत उठले.

"विनय नव्हे हो," ते मराठीत म्हणाले. "चूक आहे. तिने मला कालच सांगितलं होतं. मीच म्हटलं, गप्प राहा."

टाळ्या थांबल्या. तिथे निम्मे त्यांचे विद्यार्थी होते. चुकलं की अप्पा त्यांना उभं करायचे आणि 'बस' म्हणेपर्यंत कुणी बसायचं नाही. आता अप्पाच उभे होते, माझ्याकडे बघत, आणि त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचत नव्हतं. ते मीच म्हणायला हवं होतं. ध्वनिक्षेपक माझ्यासमोरच होता.