मी आईचं वाक्य बदललं

“आईला सांग, ही साडी बदल म्हणावं. पाहुण्यांना काय वाटेल?”

आमच्या संस्थेच्या मॅडम मला हळूच बोलल्या. पण आमचं घर दोन खोल्यांचं. आई आतच होती. तिनं ऐकलं.

आईनं ठेवणीतलं हिरवं इरकल लुगडं नेसलं होतं. परदेशी दूतावासाची बाई आपल्या घरी येणार, आपल्या ओव्या ऐकणार, म्हणून. शेजारणींना आठ दिवस आधीच सांगून झालं होतं.

तो दूतावास कला, शिक्षण असल्या कामांना अनुदान देतो. मी कोल्हापुरातल्या ज्या संस्थेत कामाला होते, तिला ते मिळालं होतं. बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला. गोळा मी केल्या. आमच्या गडमुडशिंगीत, आसपासच्या गावांत, स्कूटीवर फिरून. अर्जाचं इंग्रजीही माझं. मी इंग्रजीत एम.ए. केलंय. पण संस्थेत माझी ओळख एकच. ‘आपली वस्तीतली मुलगी.’ कुठली वस्ती, ते कुणाला सांगावं लागायचं नाही. गावाच्या कडेला दलितांची वस्ती एकच असते.

म्हणूनच दूतावासाच्या पाहणीसाठी माझं घर निवडलं.

“गरिबी दिसली पाहिजे ना गं,” मॅडम म्हणाल्या. टीव्हीवर चादर टाकली. मिक्सर पलंगाखाली गेला. आमच्याकडं जातं नव्हतं. मग पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका हॉटेलात शोभेला ठेवलेलं जातं गाडीत घालून आणलं. आता राहिली होती आई.

मी आत गेले.

“आये, दुसरं नेस की.”

“का? हे फाटलंय व्हय?”

“न्हाय. त्यास्नी जुनं पायजे.”

आई माझ्याकडं बघत राहिली. मग शेतात तण काढायला, भांगलायला जाताना नेसते ते विटकं लुगडं तिनं काढलं. निऱ्या धरायला मी हात पुढं केला. तिनं तो बाजूला सारला.

मॅडमनी सांगितलं असतं तर एक वेळ ठीक. सांगितलं मी.

दूतावासाची बाई आली. दारात चपला काढून खाली बसली. आई जात्यावर बसून गायली. गाणं झालं तसं बाईनं विचारलं, या कामातून तुम्हाला काय मिळालं? दुभाषी मीच. मी मराठीत विचारलं.

आईनं जात्याचा खुंटा सोडला. सरळ बसली.

“सांग त्यास्नी. माझं चांगलं लुगडं बदलाय लावलं. टीव्ही झाकला. हे जातं बी माझं न्हाय. माझं दळण गिरणीत असतंय. मला ओव्या येत्यात. तेवढ्यासाठी भिकारी दिसाय पायजे व्हय?”

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. नुसत्या बघत होत्या.

मी इंग्रजीत म्हणाले, आपली कला जगापुढं जातेय याचा तिला खूप आनंद आहे.

बाई हसली. तिनं आईला हात जोडले.

गाडी गेली. आई उंबऱ्यात उभी.

“मी काय सांगितलं, आन ती बाई हसली कशी?”

मी टीव्हीवरची चादर काढायला लागले.

“गप बस म्हणायचं हुतंस. बसले असते. माझ्या नावानं खोटं कशापायी बोललीस?”

त्यानंतर मला कुठंच बसवेना. ऑफिसात दहा मिनिटं खुर्चीवर, मग उगीच जिन्यात. इंग्रजी वाक्य लिहायला घेतलं की अर्ध्यातच खोडून टाकायची. घरी आई जेवायला वाढायची. बोलायची नाही.

पुढं दूतावासाला द्यायचा अंतिम अहवाल माझ्याकडं आला, तपासायला. पहिल्याच पानावर आईचा फोटो. विटकं लुगडं. खाली ओळ: निरक्षर शेतमजूर स्त्री.

आई सातवी पास. वस्तीत कुणाचं सरकारी पत्र आलं तर वाचायला आईकडंच येतं.

मी अहवाल घेऊन मॅडमच्या टेबलापाशी गेले. “हे खोटं आहे. आई त्या दिवशी जे बोलली तेही यात नाही.”

“बारीकसारीक धरून बसू नकोस. पुढचं अनुदान या अहवालावर आहे. यात तुझ्याच लोकांचं भलं आहे.” मग म्हणाल्या, “तुला आम्ही घडवलं, विसरू नकोस.”

“मला आईनं घडवलं. भांगलून.”

अहवाल टेबलावर ठेवून मी बाहेर आले.

त्याच दुपारी घरी गेले. अंगणात ओव्या सांगणाऱ्या बायका बसल्या होत्या. संस्था त्यांना मुंबईत कार्यक्रमाला नेणार होती. त्यांच्यासमोर आईला सगळं सांगितलं. मी इंग्रजीत काय बोलले तेसुद्धा. शब्दाला शब्द. एकीनं तोंडात पदर धरला. आई उठली. आत जाऊन वही आणली, आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: माझ्या ओव्या आणि माझा फोटो वापरू नये. खाली सही केली. आणखी दोघींनी केली. बाकीच्या उठून गेल्या. एक जाता जाता म्हणाली, “तुझ्यापायी आमचा मुंबईचा कार्यक्रम बी गेला की.” तिचंही खोटं नव्हतं.

तो कागद मी संस्थेत दिला. सोबत त्या दिवशीचं आईचं बोलणं, मराठीत आणि इंग्रजीत, दूतावासाला पाठवलं. खाली माझं नाव घातलं, आणि आधी चुकीचं सांगितलं तेही मीच, हे लिहिलं. आठवड्यात मला कामावरून काढलं. कोल्हापुरातल्या दुसऱ्या दोन संस्थांनी फोन उचलायचं बंद केलं. दूतावासाचं उत्तर अजून नाही.

आईनं मला माफ केलं का, मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. ते मागायचं नसतं.

मी दूतावासाला पुन्हा लिहिणार आहे. उत्तर येईपर्यंत लिहिणार आहे. आणि यापुढं ज्या कुणाचं बोलणं माझ्या तोंडून पलीकडं जाईल, ते आहे तसंच जाईल. शिवी असली तर शिवीसकट.