कापून टाकलेला प्रश्न

नाशिकहून दोन-अडीच तासांवरच्या आमच्या तालुक्याच्या गावात एका शिक्षणसंस्थेचं छोटं रेडिओ केंद्र आहे. शाळेच्या मागच्या दोन खोल्या, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या जुन्या सतरंज्या आणि गच्चीवर अँटेना, एवढाच पसारा. आसपासच्या गावांपुरता आमचा आवाज पोचतो. मी तिथे कार्यक्रम करते.

रविवारी सकाळचा कार्यक्रम माझा होता. अर्धा वेळ नगरपंचायतीचा: पाणी कधी सुटणार, घरपट्टीची मुदत कधी संपते. उरलेला अर्धा सरांचा. हे सर मला सातवीत विज्ञान शिकवायला होते. निवृत्त झाल्यावर ते रोज सकाळी नदीवर जायचे, आमचा रेकॉर्डर घेऊन पक्ष्यांचे आवाज टिपायचे आणि गुरुवारी रेकॉर्डिंगला येऊन त्यावर बोलायचे. एकदा ते म्हणाले, "सुगरणीच्या नराचं तिसरं घरटंही मादीने नापसंत केलंय. आता चौथ्याची तयारी चाललीय." पुढे आठवडाभर बाजारात लोक त्यांना थांबवून विचारत होते, "सर, चौथं पास झालं का?"

मागच्या उन्हाळ्याच्या आधी एका गुरुवारी ते आले ते वही न उघडताच बसले.

"नदीकाठच्या झाडांवर लाल रंगाने आकडे टाकलेत," ते म्हणाले. "करंज, अर्जुन, सगळ्यांवर. कोणी टाकले, बघ जरा."

मी चौकशी केली. नगरपंचायतीकडून नदीचं सुशोभीकरण होणार होतं. दोन्ही काठांना काँक्रीटची भिंत, वर फिरायला रस्ता, बाकं. सरांना राग आला नाही, निदान दिसला नाही. ते म्हणाले, "मुख्याधिकाऱ्यांना बोलाव कार्यक्रमात. मी फक्त विचारतो."

मुख्याधिकारी आले. सभ्य गृहस्थ होते, चहाही आवडीने प्याले. सुरुवातीला सरांनी वेळ काढून आल्याबद्दल त्यांना धन्यवाद दिले. मग साहेबांनी रस्त्याबद्दल, नवीन रोपांबद्दल पुष्कळ सांगितलं. ते थांबल्यावर सर म्हणाले, "हे करायच्या आधी तुम्ही गावाला कधी विचारलंत?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी मशीन बंद केलं नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "ताई, जरा थांबवता का?" आणि मग मी थांबवलं.

संध्याकाळी संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला. "आपल्याला बातम्या द्यायची परवानगी नाही, माहीत आहे ना? लायसन्स गेलं तर तुम्ही सगळे घरी बसाल. तेवढं कापून टाका आणि मूळचं ठेवूही नका."

ही बातमी नव्हती, साधा प्रश्न होता. हे मला तेव्हाही कळत होतं. मी "हो सर" म्हटलं आणि कापलं. पण कापल्यावर कार्यक्रम मध्येच तुटल्यासारखा वाटायला लागला. साहेब रोपांबद्दल बोलत होते आणि एकदम शांतता. मग मी सुरुवातीचे सरांचे धन्यवाद उचलून शेवटी लावले. काम सफाईदार झालं. ऐकून मला बरंही वाटलं, ते आज लिहायला जड जातंय.

रविवारी सकाळी ते रेडिओवर गेलं. सोमवारी सर केंद्रावर आले. खुर्ची पुढे केली तरी उभेच राहिले.

"मी शेवटी धन्यवाद म्हटलं होतं का गं?"

"सर, वेळ कमी पडला."

"भाजीवाला म्हणाला, सर, तुमचीही संमती आहे म्हणजे काम चांगलंच असणार." एवढं बोलून त्यांनी रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि ते गेले.

त्या गुरुवारी ते आले नाहीत. पुढच्याही नाहीत. झाडं आठवडाभरातच पडली. करवतीचा आवाज आमच्या खोलीत सतरंज्यांमधूनही येत होता, त्यामुळे त्या दिवसांत रेकॉर्डिंग दुपारनंतर घ्यावं लागलं.

कार्यक्रमाची जागा भरायची म्हणून मी सरांची जुनी रेकॉर्डिंगं लावत राहिले. एकदा खेड्यातल्या एका बाईंचा फोन आला. "लय गोड आवाज हाय हो पाखरांचा. पोरांना दाखवायचीत. कुठं यायचं?"

मी म्हटलं, "आता नाहीत तिथे."

"मग रेडिओवर कशी बोलत्यात?"

मी फोन ठेवून दिला. त्यानंतर ती रेकॉर्डिंगं लावणं बंद केलं. आता त्या वेळात गाणी आणि सरकारी योजनांच्या जाहिराती लागतात. कुणी तक्रार केलेली नाही.

पावसाळ्यानंतर सर मुलाकडे नाशिकमध्ये सातपूरला राहायला गेले. दिवाळीच्या सुमारास नाशिकला काम निघालं तेव्हा मी पत्ता शोधत त्यांच्या घरी गेले. दुसऱ्या मजल्यावरची खोली, खाली वर्कशॉप, पत्रा कापायचा आवाज चालू. सर वाळले होते. सरांच्या पत्नीने, बाईंनी, चहा दिला. मी मनाशी घोकून गेलेली माफी मागितली. त्यांनी मध्ये अडवलं नाही, पूर्ण ऐकून घेतली.

मग म्हणाले, "ते मूळ रेकॉर्डिंग आहे का तुझ्याकडे? मी नीट विचारलं होतं की आवाज चढला होता, एवढं ऐकायचंय. मला आता आठवत नाही."

"नाही सर. पुसून टाकलं."

"बरं," ते म्हणाले.

बाईंनी शेवयांची खीर खाऊन जा म्हणून आग्रह केला, पण सर घड्याळाकडे बघून म्हणाले की उशीर केला तर बस मिळणार नाही. मी उठले. जिन्यापर्यंत पोचवायला बाई आल्या. सर आले नाहीत.